सिंकखालचं कपाट

घर बांधून पाहा म्हणतात.
भाड्याने देऊन पाहा, असं कुणी सांगत नाही.

एकोणऐंशीत घेतलं हे, माँट्रियलला,
बाजारामागच्या रस्त्यावर.
तीन मजले, तीन दारं,
बाहेरच्या अंगाने चढणारा लोखंडी जिना,
वळणावर जरासा झुकलेला.
खाली आपण राहायचं, वरची दोन बिऱ्हाडं कर्ज फेडतील:
आंसेल्मोने सिगारेटच्या पाकिटावर मांडलेलं गणित.

त्या गणितात बर्फ नव्हता.
दर वीस वर्षांनी भेगाळणारं छपराचं डांबर नव्हतं,
मधल्या मजल्यावरच्या पोरीने
संडासात ओतलेला पातेलंभर भात नव्हता,
आणि बावन्नाव्या वर्षी बंद पडणारं
त्याचं स्वतःचं हृदय नव्हतं.

मग मी शिकले.
वॉशर बदलायला. रेडिएटरमधली हवा सोडायला:
चिमुकली किल्ली, खाली कप, फुस्स,
शेवटी काळं पाणी.
माणसं वाचायलाही शिकले, बऱ्यापैकी.
एकदा चुकले. चार महिन्यांचं भाडं बुडवून गेला तो,
जाताना दारांच्या मुठीसुद्धा काढून नेल्या.

तिसऱ्या मजल्यावर तेबेर्ज.
बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा.
बावीस वर्षं, एक तारखेला, सकाळी सातला
माझ्या दाराच्या फटीतून त्याचा चेक.
जिन्यात भेटला तर टोपीला हात, बस.
त्याचं भाडं जुनं. कायदा वाढवू देतो ते चिमूटभर.

माझा भाचा रिकार्दू लॅपटॉप घेऊन आला.
"मावशी, हा माणूस तुला महिन्याला
नऊशे डॉलरला पडतो."
पडतो.
जणू बर्फाळ जिन्यावरून पडावा तसा.
रिकार्दूकडे हिरवे रकाने होते आणि एक लाल.
खोटं कशाला बोलू,
कित्येक रात्री मी ते नऊशे मोजले.
नवं छप्पर. माझे दात.
एक पत्रही लिहिलं त्याला, कायदेशीर भाषेत,
आणि चमच्यांच्या खणात ठेवलं.

ते द्यावं लागलं नाही.
त्याच्या गुडघ्यांनीच जिना नाकारला.
एक जुलैला, जेव्हा अख्खं शहर घर बदलतं
आणि दर जिन्यावर एक फ्रिज अडकलेला असतो,
तेबेर्ज बहिणीकडे गेला, नदीच्या खालच्या अंगाला.
किल्ल्या दिल्या. टोपीला हात.

मी वही घेऊन वर गेले, नुकसान मोजायला.
भिंती धुतलेल्या. खिळ्यांची भोकं बुजवलेली.
सिंकखालचं कपाट उघडलं,
तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिल, बारीक, तिरकी:

मार्च २००२. नळ, वॉशर.
फ्लशची साखळी.
जानेवारी, उणे एकतीस. पाइप गोठला.
केस वाळवायच्या यंत्राने सोडवला, पहाटे चार.
मालकीणबाईंना उठवलं नाही.
साखळी, पुन्हा.
छप्पर गळतं. डांबराचा डबा, चौदा डॉलर.

छपरावर गेला होता. सत्तरीत. शिडीने.

फरशीवर बसून बेरीज केली,
प्लंबरचा ताशी दर धरून,
पहाटेचा दुप्पट.
नऊशेच्या जवळपासही आली नाही.
रिकार्दूचं बरोबर होतं.
मी बराच वेळ तशीच बसले.

आता तिथे मिर्लांद राहते, नर्स आहे,
दोन मुलं, एक ट्रम्पेट.
भाडं बाजारात चालतं तेवढं. पूर्ण.
सगळं घर रंगवून दिलं मी तिला,
ते एक दार सोडून.

ऑक्टोबरात नळ टपकला.
पाना घेऊन वर गेले, दोनदा थांबत.
ती म्हणाली, "आत कुणीतरी काहीतरी लिहिलंय, पुसून टाकू का?"
"पेन्सिल आहे का?" मी विचारलं.
तिच्या धाकट्याने आणून दिली, चावलेली.
गुडघे टेकून लिहिलं:
नळ, वॉशर. तारीख.
माझं अक्षर त्याच्यापेक्षा मोठं येतं.
खाली अजून चार बोटं जागा आहे.